छोट्या व्यवसायातला आपापसातला संवाद: व्हॉट्सॲप पुरे की वेगळं सॉफ्टवेअर हवं?

पायवाट
आमचा मापाबरहुकूम फर्निचर बनवून बसवून देण्याचा व्यवसाय आहे. एकूण १४ माणसं. ऑफिसात पाच, वर्कशॉपमध्ये सहा, साइटवर जाऊन बसवणारे तीन. सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक ग्रुप, शिवाय 'ऑफिस', 'वर्कशॉप', 'साइट', 'अर्जंट', आणि त्याखेरीज ज्याचं त्याच्याशी खाजगीत चाललेलं असतंच.

अडचण अशी की माप बदललं हे कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं असतं, पण फळी कापणाऱ्यापर्यंत ते पोचत नाही. मग लाकूड वाया, दिवस वाया, आणि 'मी ग्रुपवर टाकलं होतं' यावरून वाद. कोणत्या ग्रुपवर, हे शोधण्यात आणखी अर्धा तास.

स्लॅक, टीम्स, गूगल चॅट, झोहो क्लिक अशी ऑफिसातल्या चॅटच्या ॲपची नावं ऐकून आहे. कुणी इतक्या लहान ठिकाणी वापरलंय का? मला तीन गोष्टी कळायला हव्यात. ज्यांच्या हातात दिवसभर करवत किंवा ड्रिल असतं त्यांना ते झेपतं का? माणूस सोडून गेला की काय होतं? आणि मेसेज खरंच कमी होतात, की नुसती जागा बदलते?

सुतारपक्षी
वाचतोय. आमच्याकडेही हीच रड आहे.

दुर्बीण
पायवाट, तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे दोन त्यावरच अवलंबून आहेत.

पाच माणसं असतात तेव्हा आपापसातल्या जोड्या १० होतात. १४ माणसांच्या ९१ होतात. माणसं तिप्पटही झाली नाहीत, पण जोड्या नऊपट झाल्या. त्यामुळे पाच जणांचं दुकान ज्या पद्धतीने आपोआप चालत होतं, तीच पद्धत १४ जणांना पुरत नाही, आणि यात कुणा एकाचा हलगर्जीपणा नसतो. कुठलंही ॲप या जोड्या कमी करत नाही. त्या कमी होतात त्या 'ही गोष्ट इथेच मिळेल' असं ठरवल्याने.

तुमच्या उदाहरणात बदललेलं माप हा मेसेज नाही, तो निर्णय आहे. मेसेज वाहून जातो, निर्णयाला कायमची जागा लागते. ड्रॉइंगची चालू प्रत एकाच ठिकाणी असेल, तिच्यावर तारीख असेल आणि कापणाऱ्याने कापण्याआधी फक्त तीच बघायची असं ठरलं असेल, तर निरोप व्हॉट्सॲपने गेला की तोंडी, याने फारसा फरक पडत नाही. ती जागा नसेल तर स्लॅक घेऊनही तुम्ही 'कोणत्या चॅनलवर (म्हणजे तिथल्या ग्रुपवर) टाकलं होतं' हेच शोधत बसाल.

म्हणून आधी एक आठवडा फक्त बघा: कुठल्या प्रकारचे निरोप हरवतात? माझा अंदाज, प्रकार फार निघणार नाहीत. माप, तारीख, पैसे.

निवडुंग
दुर्बीण यांच्याशी सहमत, आणि त्याच कारणासाठी माझं मत असं की व्हॉट्सॲप सोडू नका.

प्रत्येकाच्या फोनवर ते आहे, शिकवावं लागत नाही, गिऱ्हाईकही तिथेच आहे. साइटवर शिडीवर उभा असलेला माणूस फोटो काढून पाठवतो आणि पुढच्या कामाला लागतो. त्याला नवीन ॲप, नवीन पासवर्ड, चॅनल, थ्रेड (एका मेसेजखालच्या उत्तरांची साखळी) हे सगळं दिलंत तर तो सरळ फोन करेल, आणि फोनवर बोललेलं कुठेच नोंदलं जात नाही. सोय म्हणून आणलेल्या गोष्टीने असलेली नोंदही जाते.

आम्ही नियम केले. एका कामाचा एकच ग्रुप. ग्रुपच्या वर्णनात कामाचा क्रमांक आणि ड्रॉइंगच्या फोल्डरची लिंक. शेवटचं ठरलेलं माप पिन केलेलं. काम संपलं की ग्रुप बंद. 'अर्जंट' नावाचा ग्रुप तर काढूनच टाकला, कारण तिथे सगळंच अर्जंट असायचं. खरंच घाई असेल तर फोन करायचा. एवढ्यावर आमचं छान चाललंय.

अबोली
निवडुंग, पिन आणि वर्णनाची पद्धत आवडली, पण पायवाट यांच्या दुसऱ्या प्रश्नाला तुम्ही हात लावला नाहीत. तिथेच व्हॉट्सॲप कमी पडतं.

ग्रुपमधून माणूस काढला तरी तोपर्यंतचं सगळं बोलणं त्याच्या फोनमध्ये राहतं. गिऱ्हाइकांचे नंबर, कोटेशनं, घराच्या आतले फोटो, सगळं. उलट नव्याने घेतलेल्या माणसाला मागचं आपोआप दिसत नाही, त्यामुळे तो पहिल्या दिवसापासून सगळ्यांना विचारत फिरतो. म्हणजे जाणारा सगळं घेऊन जातो आणि येणाऱ्याला काहीच मिळत नाही. व्यवसायाच्या दृष्टीने हे अगदी उलटं झालं.

मी जिथे हिशेब बघते तिथे एक जुने सहकारी सोडून गेले. भला माणूस, काही वाकडं नाही. पण पुरवठादारांशी झालेलं दोन-तीन वर्षांचं दरांचं बोलणं त्यांच्या खाजगी नंबरवर होतं. नवा फोन घेतला, जुनं गेलं. आम्ही प्रत्येक पुरवठादाराशी पुन्हा पहिल्यापासून बोललो.

आणखी एक. व्हॉट्सॲपवरचं बोलणं २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद आहे, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येत नाही, हे खरं, पण क्लाउडवरचा बॅकअप तसा हवा असेल तर सेटिंगमध्ये जाऊन वेगळा सुरू करावा लागतो. ती सोय २०२१ मध्ये आली. कर्मचाऱ्याच्या खाजगी खात्यात तुमच्या गिऱ्हाइकाचे फोटो कसे साठवले जातायत, हे मालकाला कळायला मार्ग नाही.

निवडुंग
अबोली, माणूस जाण्याचा मुद्दा मान्य. त्यासाठी आम्ही ऑफिसचा एक वेगळा फोन आणि नंबर ठेवलाय, तो सगळ्या ग्रुपमध्ये असतो. पूर्ण उपाय नाही, पण इतिहास आमच्याकडे राहतो.

कंदील
मी लहान व्यवसायांना या गोष्टी बसवून देतो, तेव्हा थोडी व्यवहाराची माहिती.

स्लॅक २०१४ पासून आहे, टीम्स २०१७ पासून. दोन्हींत फुकट योजना आहेत, पण 'फुकट' म्हणजे काय ते आधी वाचा. स्लॅकच्या फुकट योजनेत पूर्वी शेवटचे १०,००० मेसेज दिसत. सप्टेंबर २०२२ पासून त्याऐवजी फक्त ९० दिवसांचं दिसू लागलं. ऑगस्ट २०२४ पासून तर एक वर्षापेक्षा जुनं असलेलं पुसलंच जातं. फर्निचरचं काम चार-सहा महिने चालतं आणि गिऱ्हाईक दोन वर्षांनी बिजागरीची तक्रार घेऊन येतं. अशा व्यवसायाला ९० दिवसांची आठवण पुरणार नाही. विकतची योजना दर माणशी दर महिना असते, म्हणजे वर्कशॉपमधल्या जो दिवसातून एकदाच बघणार त्याचेही पैसे तेवढेच. १४ ने गुणून, १२ ने गुणून मगच ठरवा.

टीम्समध्ये एक खोच आहे जी फार जणांना माहीत नसते. चॅनलमध्ये टाकलेली फाइल टीमच्या सामाईक जागेत, म्हणजे शेअरपॉइंटवर जाते. खाजगी चॅटमध्ये टाकलेली फाइल मात्र पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या खात्यातल्या साठवणीत राहते. तो माणूस सोडून गेला, त्याचं खातं काढलं, की नेहमीच्या सेटिंगमध्ये ३० दिवसांनी ती फाइलही जाते. गूगलमध्येही तसंच: 'माय ड्राइव्ह'मधली फाइल व्यक्तीची, 'शेअर्ड ड्राइव्ह'मधली संस्थेची. अबोली यांनी जे सांगितलं ते महागड्या सॉफ्टवेअरमध्येही घडतं, फाइल चुकीच्या खणात पडली तर.

त्यामुळे माझा सल्ला असा: चॅट कुठलंही घ्या, पण दोन गोष्टी आधी करा. व्यवसायाच्या स्वतःच्या डोमेनवर (@ नंतर व्यवसायाचं नाव असलेला) ईमेल, आणि संस्थेच्या मालकीचा सामाईक ड्राइव्ह. चॅट नंतर बदलता येतं. पाच वर्षं कर्मचाऱ्याच्या खाजगी जीमेलवर आलेल्या ऑर्डरी परत मिळवता येत नाहीत.

सुतारपक्षी
कंदील, शेवटच्या परिच्छेदासाठी धन्यवाद. वाखु (वाचनखूण) साठवली.

गोगलगाय
'चॅट नंतर बदलता येतं' हे कंदील सहज म्हणून गेले, पण ते बदलणं कधीकधी आपल्या हातात नसतं.

हिपचॅट आठवतंय का? ॲटलासियनचं होतं, लहान टीममध्ये खूप वापरलं जायचं. २०१८ मध्ये त्यांनी ते स्लॅकला विकलं आणि २०१९ च्या फेब्रुवारीत बंद झालं. मेटाचं वर्कप्लेस २०१६ मध्ये मोठ्या गाजावाजाने आलं, मे २०२४ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर झालं. स्काइपवर तर लोकांनी अख्खे व्यवसाय उभे केले होते. ५ मे २०२५ ला तेही संपलं. यातली एकही कंपनी गरीब नव्हती.

म्हणून मी एखादं सॉफ्टवेअर घेताना सगळ्यात आधी बाहेर पडायचा दरवाजा बघते. एक्सपोर्ट, म्हणजे आपलं बोलणं बाहेर काढून घेणं, मिळतं का? कुणाला मिळतं? कशा रूपात मिळतं? स्लॅकच्या फुकट योजनेत ॲडमिनला सार्वजनिक चॅनलचं बोलणं मिळतं, पण ते जेसन फायलींत (प्रोग्रामने वाचायच्या मजकूर फायलींत) असतं आणि जोडलेल्या फायलींच्या फक्त लिंका असतात. मजकूर हाताशी आला म्हणून ड्रॉइंग हाताशी आलं असं होत नाही.

रानवाट
गोगलगाय यांनी माझ्या मनातलं लिहिलं. यावर खरा उपाय मुक्तस्रोत (ज्याचा कोड कुणालाही घेऊन वापरता येतो असं) सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालवणं हाच. मॅटरमोस्ट, रॉकेट.चॅट, झुलिप असे चांगले पर्याय आहेत. कंपनी उद्या बुडाली तरी तुमच्याकडचा सर्व्हर चालू राहतो.

त्यातही झुलिप बघाच. २०१५ पासून ते मुक्तस्रोत आहे. प्रत्येक मेसेजला चॅनलच्या आत एक विषय देता येतो. 'स्वयंपाकघर कपाट, काम २१२' असा विषय दिला की त्या कपाटाबद्दलचं सगळं बोलणं एका ओळीखाली सलग राहतं, मध्ये दुसऱ्या कामाचं काही घुसत नाही. सुट्टीवरून आलेला माणूस फक्त आपल्या विषयांवर नजर टाकतो. पायवाट यांची 'कुठे टाकलं होतं' ही अडचण मुळातूनच जाते.

कंदील
रानवाट, झुलिपच्या रचनेबद्दल दुमत नाही. पण सर्व्हर आपला म्हणजे बॅकअप आपला, सुरक्षेचे अपडेट आपले, डिस्क भरली की रात्री उठणं आपलं. १४ माणसांच्या फर्निचरच्या ऑफिसात हे कोण करणार? जो एक हौशी मुलगा ते बसवेल तोच सोडून गेला तर? आपण ज्या अवलंबित्वाला घाबरतोय ते कंपनीकडून काढून एका माणसावर टाकतोय.

शिवाय फोनवरची नोटिफिकेशनं ॲपल आणि गूगलच्याच यंत्रणेतून जातात. त्यामुळे सर्व्हर तुमचा असला तरी ॲप बनवणाऱ्यांची मधली सेवा लागतेच.

रानवाट
एका माणसावरचं अवलंबित्व, हा मुद्दा बरोबर आहे. मग मधला मार्ग: ज्याचा कोड मुक्त आहे पण जे कंपनीच्या सर्व्हरवरही मिळतं असं घ्या. आज त्यांच्याकडे भाड्याने राहा, उद्या नको वाटलं तर सगळं उचलून आपल्या घरी न्या. झुलिपमध्ये तशी सोय आहे. निदान दरवाजा उघडा राहतो.

हिशेबनीस
अवांतर: व्हॉइस मेसेजवर बंदी घातली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. चार मिनिटांचा निरोप, त्यात 'हॅलो, ऐका ना', मागे ग्राइंडरचा आवाज, आणि रक्कम अगदी शेवटी. शोधता येत नाही, पुन्हा ऐकावं लागतं.

अबोली
+१००

निवडुंग
बंदी नको हो. माझ्या दोन कारागिरांना टाइप करायला त्रास होतो. बोलून पाठवता आलं नाही तर ते पाठवणारच नाहीत. आणि ज्याला लाकूड कळतं त्याचं म्हणणं मला हवंच आहे, कुठल्याही रूपात.

तळटीप
मी सहसा फक्त वाचते, पण इथे लिहावंसं वाटलं. मला ऐकू खूप कमी येतं. व्हॉइस मेसेज आला की मला तो दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकवून घ्यावा लागतो, आणि कामाच्या ठिकाणी रोज तसं सांगणं जड जातं. व्हॉट्सॲपने २०२४ च्या शेवटी आवाजाचा मजकूर करून दाखवायची सोय आणली, पण ती मोजक्याच भाषांत आहे.

निवडुंग यांचे कारागीर आणि मी, दोघांचीही गरज खरी आहे. आमच्याकडे तोडगा असा निघाला: आवाजात पाठवा, पण आकडा, तारीख किंवा नाव असेल तर तेवढंच एका ओळीत खाली लिहा किंवा कागदावर लिहून फोटो टाका. 'रुंदी ६०० नाही ५८०'. एवढं कुणालाही जमतं. आणि फायदा सगळ्यांनाच झाला, कारण तो आकडा आता शोधता येतो. मीटिंगमध्ये खालची अक्षरं चालू करायची सवयही लागली. झूम, मीट, टीम्स तिन्हींत ती सोय आहे, फक्त कुणीतरी ती चालू करायला हवी.

हिशेबनीस
तळटीप, हे फार उपयोगी आहे. बंदीची मागणी मागे, आकडा लिहायचा नियम उद्यापासून आमच्याकडे.

दुर्बीण
तळटीप ताई, लिहीत राहा. या धाग्यातला सगळ्यात कामाचा नियम मला हा वाटतो.

सुतारपक्षी
अजून एक विचारायचं होतं. आमच्याकडे साहेब रात्री ११ ला विचार सुचला की लगेच टाकतात. 'सकाळी बघा' असंही लिहितात बिचारे. पण फोन वाजला की माणूस बघतोच.

गोगलगाय
वेळ लावून मेसेज पाठवायची सोय स्लॅकमध्ये आहे, जीमेलमध्ये आहे. साहेबांना ती दाखवा. विचार रात्री लिहून ठेवायचा, पोचेल सकाळी ९ ला. कुणाचंच अडत नाही.

काही देशांनी तर यावर कायदे केलेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कामगारांच्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबद्दल कामगारांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ मध्ये तसा हक्क आला, आणि १५ पेक्षा कमी माणसं असलेल्या लहान व्यवसायांना तो बरोबर एक वर्षाने, ऑगस्ट २०२५ मध्ये लागू झाला. तिथे मालकाला मेसेज पाठवायला बंदी नाही, पण वेळेनंतर कर्मचाऱ्याने तो बघायला नकार दिला आणि तो नकार अवाजवी नसेल, तर चालतं. लहान व्यवसाय म्हणून यातून कायमची सूट मिळालेली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. १४ माणसांच्या ठिकाणी प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो, नाही म्हणणं तिथे जास्त अवघड असतं.

निवडुंग
हे पटलं. आमच्या ग्रुपवर संध्याकाळी सातनंतर फक्त ॲडमिन लिहू शकेल असं सेटिंग करून बघतो.

अबोली
निवडुंग, पण मग रात्री लिहिणारा फक्त ॲडमिनच उरेल, आणि सुतारपक्षी यांचे साहेब तेच असणार :)

निवडुंग
हो की! मग साहेबांनाच वेळ लावायला शिकवू.

सुतारपक्षी
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? वर्कशॉपमधल्या माणसांचं काय करायचं हे अजून कुणी नीट सांगितलं नाही. हाताला भुसा, हातमोजे, मशीन चालू असताना फोन बघणं धोक्याचं. आम्ही तर मशीनजवळ फोन आणूच देत नाही.

दुर्बीण
अगदी बरोबर, आणि म्हणूनच त्यांच्यापर्यंत चॅट नेऊच नये असं माझं मत आहे. त्यांना 'आज काय, कुठल्या मापाने' एवढंच हवं असतं. त्याला भिंतीवरचा फळा उत्तम. कानबानची पद्धत टोयोटाच्या कारखान्यात साध्या कार्डांवरच उभी राहिली. कामाबरोबर कार्ड पुढे जायचं, आणि कार्ड नाही तर माल नाही.

तुमच्याकडे प्रत्येक कामाचं एक कार्ड करा. त्यावर ड्रॉइंगचा क्रमांक आणि आवृत्ती: 'आ. ३'. माप बदललं की ऑफिसातला माणूस स्वतः चालत जाऊन जुनं कार्ड काढतो, नवं लावतो. कापणारा कार्डावरची आवृत्ती आणि हातातल्या ड्रॉइंगवरची आवृत्ती जुळतेय का तेवढंच बघतो. नाही जुळली तर करवत चालू करायची नाही. ऑफिसात हाच फळा ट्रेलोवर (कार्डांच्या फळ्याचं ऑनलाइन ॲप) ठेवा, म्हणजे साइटवाल्यांना फोनवर दिसेल. पण वर्कशॉपपुरता भिंतीवरचा खरा.

कंदील
दुर्बीण यांना अनुमोदन. एक भर: दोन फळे असतील तर दोन्ही बदलायची जबाबदारी एकाच माणसाची ठेवा, आणि तो रजेवर असेल तर कुणाची हेही लिहून ठेवा. दोघांनी मिळून बघायचं ठरलं की कुणीच बघत नाही.

पायवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. दुर्बीण यांनी सांगितलं तसं आम्ही आठवडाभर हरवलेल्या निरोपांची यादी केली. त्यांचा अंदाज जवळपास तंतोतंत: मापं सगळ्यात जास्त, मग बसवायला जायच्या तारखा. पैशांचं त्या मानाने बरंच कमी हरवतं, कारण ते आधीपासून एकाच माणसाकडे आहे.

त्यावरून असं ठरतंय. डोमेनचं ईमेल आणि सामाईक ड्राइव्ह या महिन्यात. वर्कशॉपमध्ये कार्डांचा फळा, तो रोज सकाळी आणि प्रत्येक बदलाला आमची ड्राफ्ट्समन बदलणार. साइटवाले आणि गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरच, निवडुंग यांच्या नियमांनी, ऑफिसच्या नंबरसह. तळटीप यांचा आकड्याचा नियम छापून भिंतीवर लावलाय. आणि ऑफिसातले पाच जण झुलिप वापरून बघणार, कारण पाचच जणांचा प्रश्न असेल तर दर माणशी खर्चाची भीती वाटत नाही. चौदाच्या चौदा एका ॲपवर आणायचा हट्ट सोडला.

एकच शंका उरली. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर माप बदलतं, तिथून ते ड्रॉइंगपर्यंत कोण नेणार? हाच सांधा पुन्हा निसटेल असं वाटतं.

अबोली
ज्याने गिऱ्हाइकाशी बोलून काम घेतलं, त्यानेच. आणि गिऱ्हाइकाला ग्रुपवर 'बरं, करतो' असं उत्तर द्यायचंच नाही. नवी आवृत्ती ड्राइव्हवर चढली की तिचाच फोटो टाकायचा आणि 'आवृत्ती ४, मंजूर असल्यास कळवा' असं लिहायचं. त्यांचा होकार येईपर्यंत फळ्यावरचं कार्ड काढून ठेवायचं. गिऱ्हाइकालाही कळतं की बदलाला वेळ लागतो, आणि उद्या वाद झाला तर होकार लिखित असतो.

पायवाट
कार्ड काढून ठेवायचं, हे सुचलंच नव्हतं. म्हणजे होकार येईपर्यंत कापणं आपोआप थांबतं. लगेच सांगतो ड्राफ्ट्समनला.

सुतारपक्षी
पायवाट, महिन्याभराने इथेच लिहा काय झालं ते. आणि त्या कार्डाचा एक फोटो टाकाल का? आम्हालाही तसंच छापून घ्यायचंय.